गाडी तापली की दोष कुणाचा?

'घरची गाडी' या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे अॅव्हरेज कमी झाल्याची नाहीतर टायर झिजल्याची असतात. या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील कळंबहून आलेले पत्र वेगळे आहे. ते एका भगिनीने लिहिले आहे आणि त्यात गाडीबरोबर एका माणसाच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे. म्हणून हा अंक त्या एकाच पत्राला देत आहोत.

पत्राचा सारांश असा. घरी जुनी, सात जणांची डिझेल गाडी आहे. अब्बूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वर्ध्याजवळ सावंगीला न्यावे लागते. भाऊ गाडी चालवतो, भगिनी सोबत बसतात. पहाटे गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. ऊन वाढले की पिकअप पडतो, चढावर गाडी ओढत नाही आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. परतताना देवळीला चहासाठी वीस मिनिटे थांबले तर गाडी पुन्हा सुरू होता होत नाही. मात्र सावंगीला चार तास उभी राहिली तर विनातक्रार सुरू होते. एका गॅरेजने स्कॅनर लावून सांगितले की डिझेल पंप गेला, पंप आणि इंजेक्टर दोन्ही बदला. दुसऱ्याने सांगितले, पंप ठीक आहे, डिझेलच्या तापमानाचा सेन्सर बदला. पहिल्याचा खर्च घर हलवून टाकणारा, दुसऱ्याचा झेपणारा. भगिनी विचारतात, 'कुणाचे ऐकावे? स्वस्त म्हणून सेन्सर टाकला आणि अब्बू पुन्हा रस्त्यात अडकले तर?'

स्कॅनरच्या पडद्याचा फोटो त्यांनी सोबत पाठवला, हे फार शहाणपणाचे झाले. त्यावर एकच कोड आहे : पी ०१८३.

आधी अब्बूंची सोय

गाडीचे निदान व्हायला आठवडा लागो की पंधरा दिवस, तोवर डायलिसिसच्या दिवशी या गाडीवर विसंबू नका. एक पाळी चुकली तरी अंगात पाणी आणि पोटॅशियम साठते, आणि ते जिवावर बेतू शकते. शेजारची गाडी, नात्यातली गाडी, एस.टी., जे जमेल ते आधीच ठरवून ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून वर्धा ते कळंब रेल्वेही सुरू झाली आहे. तिची वेळ तुमच्या पाळीशी जुळते का, ते स्टेशनवर विचारा. वाटेत प्रकृती बिघडली तर १०८ ला फोन करा, गाडी सुरू करण्यात वेळ घालवू नका.

हा सेन्सर करतो काय?

डिझेल तापले की फुगते. एका अंशाला साधारण ०.०८ टक्का, म्हणजे तीस अंश वाढले तर जवळजवळ अडीच टक्के. लिटर तेवढाच दिसतो, पण त्यातले डिझेल वजनाने कमी भरते. ते पातळही होते. द्रव तापला की त्याचे वजन बदलते, ही गोष्ट जुन्या विद्वानांच्याही ध्यानात आली होती. अल-बिरूनी यांनी थंड आणि गरम पाण्याच्या वजनातील फरक नोंदवला, तर अल-खाझिनी यांनी ११२१ च्या सुमारास 'मीझान अल-हिकमा' या ग्रंथात अनेक द्रवांची आणि धातूंची घनता मांडली. आजही पेट्रोल पंपावर डिझेलची घनता मोजली की ती १५ अंश तापमानाच्या हिशेबात आणूनच ताडून पाहतात, ती याच कारणाने.

कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारहून जास्त दाबाने इंजेक्टरमधून सुटते, आणि ते किती वेळ सोडायचे हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात. डिझेल गार आहे की गरम, हे कळले तरच त्याचा हिशेब बरोबर येतो. डिझेल फार तापले तर पंप वाचवण्यासाठी काही गाड्यांत तो ताकद मुद्दाम कमी करतो. ही माहिती त्याला सेन्सर देतो. काही गाड्यांत तो डिझेल फिल्टरच्या डोक्यावर असतो, काहींत पंपावर, काहींत टाकीकडे परतणाऱ्या नळीवर.

सेन्सरच्या आत एक लहानसा दाणा असतो, त्याचे नाव थर्मिस्टर. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. तापल्यावर रोध कमी होण्याचा हा गुण मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. ईसीएम एका तारेवर ५ व्होल्ट ठेवतो. दाणा गार असेल तर रोध जास्त, म्हणून तारेवर व्होल्टेज जास्त राहते. दाणा गरम असेल तर व्होल्टेज उतरते. बारावी विज्ञानाच्या मुलामुलींनी ओहमचा नियम वाचलेला असतो. यात त्यापलीकडचे काही नाही.

कोड काय म्हणतो, काय म्हणत नाही

आता फोटोतला कोड पाहू. या सेन्सरचे पाच कोड सामान्यतः दिसतात. पी ०१८० म्हणजे सर्किटमध्ये बिघाड. पी ०१८१ म्हणजे सांगितलेले तापमान पटण्याजोगे नाही. पी ०१८२ म्हणजे तारेवर व्होल्टेज फार कमी, पी ०१८३ म्हणजे फार जास्त. पी ०१८४ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतो.

तुमचा कोड पी ०१८३. व्होल्टेज फार जास्त याचा अर्थ रोध फार जास्त, म्हणजे वीज वाहण्याची वाट कुठेतरी तुटली आहे. ती सेन्सरच्या आत तुटली असेल, कपलरच्या पिनेवर गंज चढला असेल, किंवा उंदराने तार कुरतडली असेल. अशा वेळी स्कॅनरवर डिझेलचे तापमान उणे ४० च्या आसपास दिसते. कळंबच्या उन्हाळ्यात उणे ४० अंशांचे डिझेल! ईसीएमलाही ते पटत नाही. तो बहुधा ती संख्या सोडून एक ठराविक तापमान गृहीत धरतो, दिवा लावतो आणि काम ढकलतो.

म्हणजे हा कोड पंप गेल्याचे सांगत नाही. पण सेन्सर गेला, असेही सांगत नाही. तो फक्त तक्रार कोणत्या वाटेवर आहे ते सांगतो. त्या वाटेवर सेन्सर आहे, कपलर आहे, दोन तारा आहेत आणि शेवटी ईसीएम आहे. कोड वाचून थेट भाग बदलणे म्हणजे ताप आहे एवढे ऐकून औषध देण्यासारखे आहे.

तपासणी, पायरी पायरीने

यातील पहिल्या दोन पायऱ्या घरी करता येतात. पुढच्या मेकॅनिकसमोर कराव्यात. साध्या मल्टीमीटरवर काम भागते.

पहिली पायरी पहाटेची. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर तीन तापमाने पाहा : इंजिनाच्या पाण्याचे, आत जाणाऱ्या हवेचे आणि डिझेलचे. रात्रभर उभ्या गाडीत ही तिन्ही जवळपास सारखी हवीत, दोन-चार अंश इकडे-तिकडे. दोन २६ दाखवत असतील आणि डिझेल उणे ४० किंवा ११० दाखवत असेल, तर दोष त्या वाटेवर नक्की आहे. आणि पहाटे तिन्ही बरोबर असतील, पण दुपारी डिझेलचा आकडा अचानक उणे ४० ला जात असेल, तर जोड तापल्यावर सुटतो आहे. तुमच्या तक्रारीचा स्वभाव पाहता ही दुसरी शक्यता आम्हाला जास्त वाटते.

दुसरी पायरी डोळ्यांची. कपलर काढून आत पाहा. हिरवट-पांढरा गंज, मागे दबलेली पिन, डिझेलची ओल, तारेवर दातांच्या खुणा, गरम भागाला टेकून वितळलेले आवरण. मग स्कॅनर चालू ठेवून तार हलक्या हाताने हलवा. हलवताना आकडा उडाला तर सेन्सर विकत आणायच्या आधी तार दुरुस्त करा.

तिसरी पायरी रोधाची. चावी बंद. कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टीमीटर लावा. अनेक गाड्यांत २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ४० अंशांना १,२०० च्या आसपास आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास रोध मिळतो. गाडीगाडीनुसार आकडे बदलतात, म्हणून आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडे मेकॅनिककडून पाहून घ्या. आकड्यापेक्षा चाल महत्त्वाची : तापमान वाढेल तसा रोध न अडखळता उतरला पाहिजे. सेन्सर काढता येत असेल तर त्याचे टोक कोमट, मग गरम पाण्यात धरून पाहता येते. भांडे स्वयंपाकघरातले घेऊ नका. ज्योतीवर तापवू नका, आणि परत बसवण्यापूर्वी तो पूर्ण कोरडा करा. मीटर काहीच वाहत नाही असे दाखवत असेल, तर सेन्सर आतून तुटला आहे.

चौथी पायरी तारेची. कपलर सुटलेला, चावी ऑन, इंजिन बंद. ईसीएमकडून येणाऱ्या सिग्नलच्या पिनेवर मीटरची लाल तार आणि बॅटरीच्या निगेटिव्हला काळी. साधारण ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर तार तुटली आहे किंवा ईसीएमकडे दोष आहे. सेन्सर बदलून काही होणार नाही.

पाचवी पायरी निर्णायक आहे. कपलरच्या दोन पिना लहान तारेने जोडा आणि स्कॅनर पाहा. आकडा उणे ४० वरून एकदम वरच्या टोकाला, शंभरच्या पलीकडे गेला, तर तार आणि ईसीएम दोन्ही ठीक आहेत, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या पिनेचा. उणे ४० वरून हललाच नाही तर दोष तारेत किंवा पुढे. ही चाचणी फक्त दोन पिनांच्या तापमान सेन्सरवर करायची. शेजारी तीन पिनांचा रेल प्रेशर सेन्सर असतो. त्याच्या पिना चुकूनही जोडू नयेत.

आणि एक ताकीद सर्वांसाठी. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या पोलादी नळ्यांचे नट कुणीही ढिले करू नयेत. जुन्या गाड्यांत 'एअर काढायला' असे करत. कॉमन रेलमध्ये त्या दाबाने सुटलेले डिझेल कातडीच्या आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

मग गरम गाडी सुरू का होत नाही?

इथे तुमच्या पत्रातील एक तपशील फार मोलाचा आहे. वीस मिनिटे थांबल्यावर त्रास, चार तासांनी त्रास नाही. इंजिन बंद झाले की पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते, आणि ब्लॉकमधली उष्णता भोवतालच्या पंपात, फिल्टरमध्ये, तारांत शिरते. बंद केल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास बोनेटखाली सगळ्यात गरम असतो. चार तासांनी सगळे निवते. म्हणजे तुमचा दोष उष्णतेशी बांधलेला आहे, एवढे नक्की.

पण आम्ही स्पष्ट सांगतो : नुसता डिझेल तापमानाचा सेन्सर बिघडला म्हणून धडधाकट इंजिन सहसा सुरू व्हायचे थांबत नाही. पिकअप कमी होणे, धूर, दिवा, अॅव्हरेजमधला फरक एवढे तो करू शकतो. सेल्फ मारूनही गाडी सुरू होत नसेल, तर त्याला एखादा जोडीदार असण्याची शक्यता आहे. तो शोधायला तीन गोष्टी पुरतात, आणि त्या गाडी गरम असताना, दोष हजर असतानाच पाहायच्या.

एक, सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे आरपीएम दिसतात का? शून्य दिसत असेल तर क्रँक सेन्सर तपासा. तोही तापल्यावर दगा देतो आणि निवल्यावर साळसूद होतो. दोन, सेल्फ मारताना रेलचा दाब किती चढतो? अनेक इंजिनांना सुरू व्हायला साधारण दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. पहाटे तो पटकन चढतो आणि गरम असताना चढतच नाही, तर डिझेल कुठेतरी निसटते आहे. तीन, ते कुठे निसटते? प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला लहान बाटली लावून पाहतात. तीन बाटल्यांत थोडे आणि चौथीत भरपूर डिझेल आले, तर तो एक इंजेक्टर दोषी. चारही ठीक आणि तरीही दाब चढत नसेल, तर फिल्टर आणि दाबाचा व्हॉल्व्ह पाहून मगच पंपाचे नाव घ्यायचे.

पातळ झालेले गरम डिझेल झिजलेल्या जागेतून जास्त निसटते, म्हणून असा दोष उन्हात उघडा पडतो आणि पहाटे लपतो. पंप बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रींना एवढेच विचारा : गरम असताना रेलचा दाब किती होता आणि परतीचे डिझेल किती आले? दोन आकडे सांगितले तर त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे. आकडा नसेल तर तो अंदाज आहे, आणि अंदाजावर घरातली पुंजी लावू नये.

तपासणीलाही मजुरी असते

आता थोडे आपल्याविषयी. मिस्त्रीने तासभर मल्टीमीटर लावून सांगितले की फक्त पिन घासायची आहे, तर आपण पन्नास रुपये हातावर ठेवतो आणि म्हणतो, 'काय केलंत एवढं?' तोच मिस्त्री न तपासता मोठा भाग बदलतो, तेव्हा आपण मुकाट्याने पैसे मोजतो. भागाला दाम आणि बुद्धीला काही नाही, असा व्यवहार असेल तर मिस्त्री तपासायचे कशाला? तो भागच विकणार. आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी मुले गॅरेजात राबतात. त्यांच्या कसबाची कदर आपणच केली नाही तर ती शिकणार कुणासाठी?

म्हणून काम सांगताना पहिल्यांदा तपासणीची मजुरी ठरवा आणि ती वेळेवर द्या. मजुरीबाबत आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. त्याबरोबर तीन गोष्टी मागा, त्या मागणे म्हणजे अविश्वास नव्हे : कोड पुसण्यापूर्वी त्याचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो, बदललेला जुना भाग परत, आणि नव्या भागाचे बिल. फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष आला त्या क्षणी गाडीचा वेग, पाण्याचे तापमान वगैरे ईसीएमने टिपून ठेवलेली नोंद. कोड पुसला की तीही जाते.

ज्या घरांत दहावी झालेला मुलगा गॅरेजात जायला लागला आहे, त्यांनी आयटीआयचाही विचार करावा. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा. पाना धरणारे हात पुष्कळ आहेत, मीटर वाचणारे अजून कमी आहेत. आणि मीटर वाचायला मुलगा असावा लागतो असेही नाही. कळंबच्या भगिनींनी नुसत्या पत्रात जेवढे टिपले, तेवढे दोन गॅरेजांनी विचारलेही नव्हते.

उन्हाळ्यात सर्वांसाठी

डिझेलची टाकी रिझर्व्हला नेऊ नका. इंजिनाकडून परतणारे गरम डिझेल टाकीत येते. टाकीत डिझेल थोडे असेल तर तेच लवकर तापून फिरत राहते. अर्धी टाकी असली तर उष्णता पसरते. फिल्टर वेळेवर बदला आणि त्यातले पाणी काढा. ट्रॅक्टरसाठी शेतावर ड्रममध्ये ठेवलेले डिझेल गाडीत ओतू नका, त्यात पाणी आणि कचरा असतो. लांबून आल्यावर गाडी सावलीत लावा, आणि बोनेट उघडण्याची सोय असेल तर दहा मिनिटे उघडे ठेवा.

कळंबच्या भगिनींसाठी क्रम पुन्हा एकदा. पहाटेची तीन तापमाने आणि कपलर या आठवड्यात पाहा, याला खर्च नाही. मग रोध, ५ व्होल्ट आणि पिना जोडण्याची चाचणी मिस्त्रींसमोर. सेन्सर किंवा तार दुरुस्त झाल्यावर कोड पुसा आणि रिकाम्या गाडीने, भर दुपारी, देवळीपर्यंत जाऊन या. तिथे वीस मिनिटे बंद करून पुन्हा सुरू करा. असे तीनदा निर्विघ्न झाले तरच अब्बूंना त्या गाडीत बसवा. तिन्ही वेळा जमले नाही, तर रेलचा दाब आणि परतीचे डिझेल हे दोन आकडे घेऊन आम्हाला पुन्हा लिहा. अब्बूंना अल्लाह शिफा देवो.

पुढील महिन्यात : पावसाळ्यापूर्वी गाडीची बॅटरी आणि वायपर.